बारगिराचा वाटा

नोव्हेंबरात सोयाबीनची आवक जोरात असताना नागपूरच्या कळमना बाजारातील एखाद्या अडत्याकडे वर्गणी मागायला जाऊ नये, हे मला आता कळले आहे; पण पहिल्या वर्षी ते कळत नव्हते. गादीवर तीन फोन वाजत होते, बाहेर हमाल पोत्यांच्या थप्पी लावत होते आणि मी त्या गृहस्थांना इव्हेंटिंग म्हणजे काय हे समजावून सांगत होतो. एकच घोडा आणि एकच स्वार. आधी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकटीत घोड्याची चाल, त्याचा शांतपणा आणि स्वाराचे इशारे यांची परीक्षा. मग माळरानावर लाकडी ओंडके, चर, उतार आणि पाणी ओलांडत ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची क्रॉसकंट्री. आणि शेवटी, दमलेला घोडा अजूनही स्वाराचे ऐकतो की नाही हे पाहणारे शो जंपिंग. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे शंकरपटच झाला की, साहेब. फक्त जोडीच्या जागी एकटा घोडा." शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. मी मान हलवली, कारण वर्गणी मागणाऱ्याने मानच हलवायची असते. मग त्यांनी विचारले, "पहिलं बक्षीस कोणाले देता? मालकाले का धुरकऱ्याले?"

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत बत्तीस वर्षे काढली आहेत. धनादेश कोणाच्या नावाने काढायचा हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला आणि त्या दिवशी माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

ही जबाबदारी माझ्याकडे आली ती मुलीमुळे. ती हिंगणा रस्त्यापलीकडच्या एका छोट्या रायडिंग स्कूलमध्ये जात असे आणि आम्ही पालक कुंपणाला टेकून थंडीत चहा पीत असू. तेथील प्रशिक्षक सरांच्या मनात आले की मुलांना दरवेळी पुण्या-मुंबईला नेण्याऐवजी एक लहानशी स्पर्धा येथेच भरवावी. अडथळ्यांची उंची अगदी कमी ठेवावी, पण तिन्ही परीक्षा असाव्यात. पालकांची समिती झाली आणि बँकेतला माणूस म्हणून मला खजिनदार केले गेले. वास्तविक बँकेतल्या माणसाला दुसऱ्यांचे पैसे मोजता येतात. ते मागता येतात असे मुळीच नाही.

घोड्यांची स्पर्धा भरवण्याच्या खर्चाचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही, कारण त्यातला मोठा भाग दिसतच नाही. आपल्याकडची काळी माती घ्या. पावसाळ्यात तिच्यात घोड्याचा पाय रुतून नाल निघून येतो आणि डिसेंबरात तीच माती दगडासारखी टणक होऊन तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर घोडा उडी मारून उतरला, तर सारा हादरा त्याच्या खुरांना आणि पुढच्या पायांना बसतो. त्यामुळे प्रत्येक अडथळ्याच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन रोटाव्हेटरने मोकळी करायची, त्यावर टँकरने पाणी मारायचे, काही ठिकाणी वाळू टाकायची, आणि हे सगळे स्पर्धेच्या आठवडाभर आधीपासून. बाहेरगावाहून येणाऱ्या प्रत्येक घोड्याची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी झालेली असणे आवश्यक. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावराला दयामरण देण्यावाचून पर्याय नसतो. त्यामुळे तेथे कोणाची गय करायची नाही, असे आमच्या पशुवैद्यांनी पहिल्याच बैठकीत बजावले होते. त्याखेरीज माणसांसाठी रुग्णवाहिका, घोड्यांसाठी पशुवैद्य आणि उतरता फळा असलेली गाडी, पंचांचा प्रवास आणि निवास, तात्पुरत्या ठाणबंदीसाठी, म्हणजे घोडे बांधायच्या जागेसाठी, बांबू आणि हिरवे कापड, प्रत्येक अडथळ्यापाशी कागद-पेन्सिल घेऊन बसणारा एक माणूस आणि त्या प्रत्येकाला दुपारचे जेवण. पहिल्या वर्षी एकतीस प्रवेशिका आल्या, प्रत्येकी बाराशे रुपये शुल्काने सदतीस हजार दोनशे जमले आणि ते जमिनीची मशागत, पाणी व रुग्णवाहिका यांतच संपले. बक्षिसांचे सदर माझ्या वहीत सर्वांत शेवटी होते आणि त्यापुढे शून्य होते.

त्या शून्यासाठी मी जी पद्धत उचलली ती आमच्या गावाकडची. विदर्भातल्या कोणत्याही कबड्डीच्या खुल्या सामन्यांचे पत्रक पाहा: प्रथम पारितोषिक एकवीस हजार एक, अमुक यांच्यातर्फे, द्वितीय पंधरा हजार एक, तमुक यांच्याकडून आईच्या स्मरणार्थ, उत्कृष्ट चढाईपटूला पाचशे एक, गावातल्या सलूनवाल्याकडून. या पद्धतीत एक शहाणपण आहे. एकाच मोठ्या प्रायोजकाकडे गेलो की तो संपूर्ण स्पर्धेला स्वतःचे नाव मागतो आणि पुढच्या वर्षी त्याचा धंदा बसला की आपली स्पर्धाही बसते. वीस माणसांनी वीस बक्षिसे दिली, तर त्यातली पाच गळाली तरी मांडव उभा राहतो. शिवाय देणगीदार स्वतःच्या नावाचे बक्षीस पाहायला बायकामुलांना घेऊन मैदानावर येतो, आणि ज्या खेळाला प्रेक्षकच नाहीत त्याच्यासाठी ही गोष्ट रोख रकमेपेक्षा कमी मोलाची नाही. शेवटचा एक रुपया मात्र मी प्रत्येक पाकिटात आग्रहाने घातला.

कळमन्याच्या त्या अडत्यांनी रोख काही दिले नाही. त्यांनी पन्नास किलोची हरभऱ्याची दोन पोती दिली. "घोडा नोटा खात नाय," एवढेच म्हणाले. त्या वर्षीचे आमचे सर्वांत गाजलेले बक्षीस तेच ठरले.

धुरकऱ्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. शंकरपटात जोडीचा मालक एक आणि ती हाकणारा धुरकरी दुसरा असू शकतो, आणि कोणाला किती हे दोघांत आधीच ठरलेले असते, असे त्या अडत्यांचे म्हणणे होते. आमच्याकडे मालक, स्वार आणि घोड्याची निगा राखणारा मोतद्दार असे तिघे असतात आणि कोणाचेच काही ठरलेले नसते. नियमांचे पुस्तक उघडले तर उत्तर सरळ आहे: आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांप्रमाणे बक्षिसाची रक्कम सर्वसाधारणपणे घोड्याच्या मालकाची. यामागचा तर्कही समजण्यासारखा आहे, कारण दाणावैरण, नालबंदी, औषधे हा बारमाही खर्च मालक करतो. पण आमच्या एकतीस प्रवेशिकांपैकी निम्म्याहून अधिक मुले रायडिंग स्कूलच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या घोड्यांवर बसणारी होती.

यासाठी मराठीत नेमके शब्द आहेत आणि ते मला एका रात्री हिशेब लिहिताना आठवले, याचे मला अजूनही समाधान वाटते. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा ज्याला दिला जातो तो बारगीर. शिवकाळात बारगिराचा घोडा पागेचा असल्यामुळे पागेची व्यवस्थाही सरकारने लावलेली होती: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक नालबंद व एक पखालजी. घोड्याच्या पायाखालचे लोखंड आणि त्याच्या तोंडचे पाणी यांची तजवीक करणारी माणसे त्या रचनेत मोजलेली आहेत, ही गोष्ट माझ्यासारख्या हिशेबनिसाला फार महत्त्वाची वाटते. नागपूरकर भोसल्यांची फौज ज्या घोड्यांवर ओडिशा-बंगालपर्यंत गेली, तिच्यातही शिलेदार आणि बारगीर होतेच. आज नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज यांपैकी कोणीतरी असतील. मात्र विचारले तर प्रत्येक जण शिलेदाराचाच वंशज निघतो.

इव्हेंटिंगचा जन्मही लष्करातला. 1912 साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा प्रथम झाली तेव्हा ती लष्करी अधिकाऱ्यांसाठीच होती, आणि नागरिकांना व साध्या सैनिकांना ऑलिंपिकमधील अश्वारोहणाचे दार नीट उघडायला 1952 उजाडावे लागले. त्याआधी, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतले गेले. कारण त्यांच्यातला गेनॅल पेर्सन हा मुळात सार्जंट होता आणि केवळ स्पर्धेपुरते त्याला अधिकारी करण्यात आले होते. घोडा तोच, स्वार तोच, गुण तेच. खांद्यावरची पट्टी तेवढी चुकली. नियम बदलल्यावर 1952 आणि 1956 मध्ये त्याच पेर्सनसह स्वीडनने पुन्हा सुवर्णपदके जिंकली. आपल्याकडे 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि संघालाही सुवर्ण मिळाले, ते लष्कराच्या जोरावर. 2018 मध्ये जकार्ताला वैयक्तिक आणि सांघिक रौप्य जिंकणारे आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये तेविसाव्या क्रमांकावर आलेले फवाद मिर्झा ज्या सेनॉर मेडिकॉटवर बसले, तो घोडासुद्धा त्यांच्या पुरस्कर्त्यांचा. म्हणजे या देशात या खेळाची पदके बहुतांशी बारगिरांनीच आणली आहेत, आणि बक्षिसाच्या नियमात मात्र शिलेदारच गृहीत धरलेला आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक चूक केली आणि तिच्यात मुख्य वाटा माझा होता. एका बांधकाम व्यावसायिकाने प्रथम पारितोषिकासाठी एकदम एकतीस हजार रुपये देऊ केले. समितीत कोणी आनंदाने टाळ्या वाजवल्या, कोणी फलकाच्या मापावरून वाद घातला, आणि दहा हजारांच्या वर गेले की टीडीएसचे पाहावे लागेल एवढीच शंका मी काढली. बाकी काही सुचले नाही. जगात मोठी बक्षिसे असतातच. अमेरिकेतील केंटकी आणि इंग्लंडमधील बॅडमिंटन व बर्ली या गावांच्या तीन मोठ्या इव्हेंटिंग स्पर्धा लागोपाठ जिंकणाऱ्याला साडेतीन लाख डॉलर मिळतात आणि तो पराक्रम आजवर 2003 मध्ये पिपा फनेल आणि 2016 मध्ये मिखाएल युंग या दोघांनीच केला आहे. त्या पातळीवर पैसा वरच्या दर्जाच्या घोड्यांना आणि स्वारांना एकत्र आणतो. आमच्या पातळीवर त्याने काय आणले, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, बाहेरच्या एका मोठ्या पागेने आमच्या सर्वांत खालच्या गटात असे दोन घोडे उतरवले, जे सहज त्या गटातल्यापेक्षा दुप्पट उंचीच्या अडथळ्यांवरून जाऊ शकत होते. नियमात ते बसत होते, कारण नियम आम्हीच ढिसाळ लिहिला होता. दुसरी गोष्ट अधिक वाईट. इव्हेंटिंगमध्ये गुण मिळवायचे नसतात, दंडाचे गुण टाळायचे असतात: ड्रेसाजची टक्केवारी शंभरातून वजा होऊन दंड बनते, घोडा अडथळ्यासमोर अडला की वीस, ठरलेल्या वेळेपेक्षा उशिराच्या प्रत्येक सेकंदाला शून्य पूर्णांक चार, शो जंपिंगमध्ये दांडी पडली की चार. शेवटी ज्याचा दंड सर्वांत कमी तो पहिला. आमच्याच एका मुलाला कोणीतरी कुंपणावरून सांगितले की तो पहिल्या क्रमांकापासून फक्त सहा सेकंद मागे आहे. चौदा वर्षांचा मुलगा, उसनी घोडी, समोर एकतीस हजार रुपये. त्याने शेवटच्या चढावर तिला टाचा मारल्या, ती कडक जमिनीवर उतरली आणि पुढच्या डाव्या पायावर लंगडत अंतिम रेषा ओलांडून आली. टेंडन दुखावला होता. ती घोडी आठ महिने बसून होती. मुलाला कोणी रागावले नाही, तरी तो पुन्हा रायडिंगला आला नाही. काही देशांत सुरुवातीच्या गटांमध्ये ठरलेल्या वेळेपेक्षा फार लवकर येणाऱ्यालाही दंड करतात, हे आम्हाला माहीत होते. ते लागू करण्याचे शहाणपण एकतीस हजारांच्या आनंदात राहून गेले.

त्या रात्री हिशेब पुरा करताना आणखी एक ओळ माझ्या नजरेस पडली. शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचे पुष्पगुच्छ: सहा हजार दोनशे रुपये. मोतद्दार: सदरच नाही. पहाटे चार वाजता खरारा करणारा, दोन परीक्षांच्या मधल्या वेळात खोगीर उतरवून घोडा चालवत थंड करणारा, त्याच्या खुरातला खडा मुलाच्या आणि मालकाच्याही आधी ज्याला कळतो, तो माणूस माझ्या वहीत जेवणाच्या ताटांच्या संख्येतच कुठेतरी होता.

तिसऱ्या वर्षाची बैठक लांबली आणि थोडी कडूही झाली. घोड्यांच्या एका मालकांचे म्हणणे होते की बक्षीस वाटून टाकले तर स्पर्धेला अर्थ राहत नाही, आणि वर्षभर आम्ही खर्च करायचा व पाकीट मुलांनी न्यायचे हे कोणते गणित. त्यांचे पूर्ण चुकत नव्हते. घोडा पाळणाऱ्यानेच हात आखडता घेतला तर मुले बसणार कशावर? उलट एका आईचे म्हणणे असे की तिच्या मुलीला लागलेले पाकीट गेल्या वर्षी मालकांच्या ड्रायव्हरने नेले आणि तिच्या हातात प्रमाणपत्र राहिले. तिला पैसे नको होते, पण ते पाकीट एकदा मुलीच्या हातात पडायला हवे होते. बोलता बोलता कोणीतरी तान्ह्या पोळ्याचा विषय काढला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. सजावटीच्या स्पर्धा होतात, त्यांची बक्षिसे वेगळी. पण बोजारा सगळ्यांना मिळतो, चाक मोडलेला बैल ओढत आलेल्यालाही. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत आम्ही सगळ्यांनी लहानपणी उपभोगली होती, आणि तिच्यामुळे सजावटीची चुरस कमी झाल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

मग आम्ही जे ठरवले ते काही फार थोर नव्हते. सर्वांत खालच्या गटात पहिल्या क्रमांकाची रोख रक्कम अडीच हजार एकवर आणली आणि तिचे सरळ दोन भाग केले, एक मालकाचा व एक स्वाराचा, दोन वेगळ्या पाकिटांत. तिन्ही परीक्षा दंडाच्या ठरावीक मर्यादेत पूर्ण करणाऱ्या आणि शेवटच्या पशुवैद्यकीय तपासणीत घोडा धडधाकट ठरलेल्या प्रत्येकाला निम्मे प्रवेश शुल्क परत. याला बैठकीतच बोजारा हे नाव पडले आणि पुढे पत्रकातही तेच छापले गेले. लवकर येण्यालाही दंड लावला. वरच्या गटात खेळून आलेल्या घोड्याला खालच्या गटात खेळता येईल, पण बक्षीस घेता येणार नाही. हरभऱ्याची पोती, सहा आठवड्यांनी येणाऱ्या नालबंदीची आगाऊ भरलेली पावती, कडब्याच्या पेंढ्या अशी वस्तुरूप बक्षिसे घोड्याच्या नावाने, म्हणजे तो जेथे राहतो त्या पागेला. आणि पशुवैद्यांनी निवडलेल्या उत्तम निगा राखलेल्या तीन घोड्यांच्या मोतद्दारांना प्रत्येकी दोन हजार एक.

त्या बांधकाम व्यावसायिकाने अर्थात पाठ फिरवली, कारण अडीच हजारांच्या बक्षिसावर लावायला फलक फार मोठा होतो. त्याच्या जागी अकरा जण मिळाले. एक चष्म्याचा दुकानदार, एक शिकवणीवर्गवाले, दोन संत्रा बागायतदार आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी, ज्यांनी आपल्या देणगीचे कारण सांगायचे टाळले आणि दिवसभर पाण्याच्या अडथळ्यापाशी खुर्ची टाकून बसून राहिले. पुष्पगुच्छ बंद झाले. खर्चाची तोंडमिळवणी झाली आणि चारशे ऐंशी रुपये उरले.

मोतद्दारांच्या बक्षिसात तरीही एक गोची राहिलीच, आणि ती बैठकीत बसलेल्यांपैकी कोणालाही दिसली नव्हती. संध्याकाळी साडेपाचला ध्वनिक्षेपकावरून त्यांची नावे पुकारली गेली आणि व्यासपीठासमोर कोणीच आले नाही. पुन्हा पुकारली. टाळ्या वाजवायला तयार असलेले लोक इकडेतिकडे पाहू लागले. बक्षीस समारंभाच्या वेळी मोतद्दार कधीच मोकळा नसतो. त्याच वेळी घोडे थंड करायचे असतात, पाय तपासायचे असतात, लांबच्या प्रवासाचे घोडे अंधार पडण्यापूर्वी गाडीत चढवायचे असतात. मी तीन पाकिटे घेतली आणि ठाणबंदीकडे निघालो. मागे ध्वनिक्षेपकावर ड्रेसाजचे निकाल सुरू झाले होते.

पहिले दोघे लवकर सापडले. तिसरे काका शेवटच्या ठाणात एका तांबड्या घोड्याच्या पोटाखाली उकिडवे बसले होते. बादलीत बर्फाचे पाणी होते आणि ते घोड्याच्या पुढच्या पायांवर ओल्या गोणपाटाची पट्टी आवळत होते. मी नाव घेऊन अभिनंदन केले, पशुवैद्य काय म्हणाले तेही सांगितले आणि पाकीट पुढे केले. त्यांनी वर पाहिले नाही, पट्टीचा वेढा सुटू दिला नाही. फक्त डावा खांदा थोडा माझ्याकडे वळवला.

"खिशात टाका, साहेब. हात ओले हायत."